तिसरा गोल आणि दोन घागरी

केरबा, तू गेलास त्या दिवशी तलावाचं पाणी इतकं खाली गेलं होतं की तुझा उजव्या हाताचा गोलखांब वर आला होता. बाभळीचा. इतकी वर्षं पाण्यात राहूनही ताठ. त्याच्यावर एक बगळा बसला होता, मान वाकडी करून, अगदी कोल्हापूरचे ओव्हरसियर साहेब उभे राहायचे तसा. मी बांधावरून ओरडलो, "साहेब, आता तरी सांगा, बॉल आत होता का बाहेर?" बगळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते तुला विचारावं म्हणून तुझ्या घराकडं निघालो, तर वाटेतच तुझा थोरला सायकलवरून समोर आला. सायकलवरून उतरला, आणि हँडल धरून उभा राहिला. मला कळलं.

मान हलवली ही थाप आहे. बगळा होता हे खरं. तू असतास तर तिथंच हात वर केला असतास, "थोडं कमी कर, थापाड्या." चारचौघांत तू मला गणपतराव म्हणायचास, बांधावर दोघंच असलो की थापाड्या. मी पाच हजार माणूस म्हणालो की तू विचारायचास, "शेळ्या धरून?" मी पुरुषभर उंच उडी म्हणालो की तू म्हणायचास, "पुरुष बसलेला का उभा?" माझी प्रत्येक गोष्ट तू अर्धी करून गावाला द्यायचास, आणि ती अर्धी गोष्ट गाव खरी मानायचं. आता मी सांगीन ते तसंच्या तसं पडून राहील, आणि कुणी काहीच खरं मानणार नाही. तेव्हा ह्या कागदावर मी माझं मीच अर्धं करत चाललोय. जमंल तेवढं.

आपल्या मॅचची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस पंचक्रोशीत नाही. पण कागदाला पाय असतात, हा कुठं बाहेर गेला तर वाचणाऱ्याचा घोटाळा नको, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला पाठ आहे. तू नुसता ऐक, आणि जास्त झालं की खोक.

त्या मोठ्या दुष्काळात आपल्याकडचे कावळे चालत जायचे. उडलं की तहान लागते म्हणून. बोरीबाभळींनी काटे तेवढे ठेवले होते, बाकी सगळं सोडलं होतं. सरकारनं हा तलाव खोदायचं काम काढलं आणि अख्खं गाव पाट्या टाकायला तळात उतरलं, जमीनवाले, बिनजमिनीवाले, सगळे एका रांगेत. अमेरिकेच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सरकारी सुकडी खाऊन माणसांचा रंगसुद्धा एक झाला होता. रांग एक, भाकरी एक, पाणी मात्र दोन. गावाचं पिप मुकादमाच्या सावलीत असायचं. तुमच्या वस्तीनं आपलं पाणी आपण आणायचं, घागरींतून, आणि ते पलीकडं बाभळीखाली ठेवायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, म्हणजे ठरवायची गरजच नव्हती.

अशात कोल्हापूरचे ओव्हरसियर आले. माणूस हुशार, पण कोल्हापूरचा, तेव्हा डोक्यात फुटबॉल. ट्रंकेत दोन शर्ट आणि एक बॉल. माती काढून काढून तलावाचा तळ सपाट झाला होता, तो बघून म्हणाले, "अरे, हे तर ग्राउंड आहे."

मुकादम म्हणाला, "साहेब, तलाव हाय त्यो."

"पाणी येईस्तोवर ग्राउंड," साहेब म्हणाले, आणि बॉल खाली टाकला.

काम सुटलं की पाय उचलायचं त्राण नसायचं, पण बॉल दिसला की पाय आपणहून उचलायचे. बाभळीचे चार खांब रोवले. रेषा राखेच्या. बाभळीचा काटा लागून बॉल पंक्चर झाला की सायकलवाल्याकडं. शेवटी शेवटी त्या ब्लॅडरवर इतकी ठिगळं झाली की बॉल गोल राहिला नाही, तिरका पळायचा. त्यामुळं आपली टीम जिंकायला लागली, कारण तो कुठं जाणार हे फक्त आपल्यालाच माहीत असायचं.

आणि तू गोलकीपर झालास तो पाट्यांमुळं. भरलेल्या पाट्या हातोहात वर जायच्या आणि रिकाम्या वरून फेकल्या जायच्या. रांगेच्या टोकाला तू. वरून भिरभिरत आलेली लोखंडी पाटी तू तिच्याकडं न बघता झेलायचास, एका हातानं, दुसऱ्या हातानं घाम पुसत. साहेब तासभर बघत राहिले. म्हणाले, "ह्याच्या अंगावरून माशीसुद्धा पलीकडं जायची नाही." मग तुमच्या वस्तीतला गोलकीपर कसा, अशी कुजबुज झाली थोडी. पण बॉल कुणाच्याही हातचा चालत होता. पाणी चालत नव्हतं.

माझ्या पायांत खेळ नव्हता. गळ्यात होता. रॉकेलच्या डब्याचा पत्रा वळवून मी नरसाळं केलं आणि बांधावर उभा राहून कॉमेंट्री करायला लागलो. माझा आवाज कळंबच्या बाजारात ऐकू जायचा. (बरं, बाजाराच्या अलीकडच्या ओढ्यापर्यंत. वारं तिकडचं असलं तर.)

मग खरेदी-विक्री संघाच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी कामाकामांच्या टीम लावल्या, एक ढाल ठेवली, आणि भाषणात बोलून बसले की जिंकेल त्या कामावर संघाचा पाण्याचा टँकर महिनाभर रोज येईल. ढाल गेली खड्ड्यात. टँकर म्हटल्यावर बायका मॅच बघायला यायला लागल्या. ज्या म्हाताऱ्या आधी आपल्याला टोणगे म्हणायच्या, त्या आता तुझे दंड चाचपून जायच्या, "केरबा, नीट झेल रं बाबा."

फायनलला समोर आले खडीवाले. येरमाळ्याच्या घाटात रस्त्याची खडी फोडणारी टोळी. घणानं दगड फोडणारी माणसं ती. त्यांनी लाथ मारली की बॉल आधी ओरडायचा आणि मग उडायचा. त्यांचा कॅप्टन दत्तू. मांड्या अशा, की एकेकीत आपली टीम बसावी. घाटातून चालत आले होते बिचारे, उन्हात. पाण्याचं पिप मागून बैलगाडीत येत होतं, ते वळणावर गाडी खड्ड्यात गेली आणि पिप फुटलं. हाफटाइमला त्यांना हे कळलं.

हाफटाइमला आपण दोन-शून्य पुढं होतो. पहिला गोल सांगत नाही, वेळ जाईल. दुसरा तिरक्या बॉलनं आपणहून केला.

खडीवाले त्यांच्या गोलपाशी जमिनीवर पडले होते. ओठ पांढरे. दत्तू एकटा उभा होता. बांधावरच्या लोकांकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "कुणी पाणी देता का, भाऊ?"

बांधावर कमीत कमी पाच हजार माणूस होतं. शेळ्या धरून. मुकादम उठला आणि जाऊन आपल्या पिपावर बसला. अक्षरशः बसला, झाकणावर, मांडी घालून. म्हणाला, "खेळ हुईस्तवर थेंब न्हाय. आपल्या पोरांना लागंल." बायाबापड्यांनी माना खाली घातल्या, पण टँकर त्यांच्याही डोळ्यांपुढं होता. दत्तूनं परत हाक मारली. ह्या वेळी आवाज बारीक झाला होता.

आणि मी बांधावरून बघतो तर तू गोल सोडून बाभळीकडं निघालास.

त्या दोन घागरी कलावतीवहिनींनी पहाटेपासून नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीनं भरलेल्या. एक खांद्यावर, एक कमरेला घेऊन तू ग्राउंड ओलांडायला लागलास. मी नरसाळ्यातून ओरडलो, "केरबा, आपली पोरं हिकडं हायत." तू वळला नाहीस. मला वाटलं, ऐकू गेलं नसंल. कळंबला ऐकू गेलं असंल, पण तुला नाही. मी नरसाळं टाकून पळत खाली आलो. तुझ्या पुढं जाऊन आडवा उभा राहिलो.

"आरं, टँकर हाय. टँकर," मी म्हणालो.

"सरा, गणपतराव. जड हाय," तू म्हणालास.

मी सरलो. तुझ्या खांद्यावरची घागर बघून सरलो का तुझ्या तोंडाकडं बघून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तू घागरी त्यांच्यापुढं ठेवल्यास, पेला झाकणावर ठेवलास आणि चार पावलं मागं होऊन उभा राहिलास. सवयीनं. त्यांना आपल्या हातानं घेता यावं म्हणून. पडलेल्यांतला एक जण उठून बसला आणि त्यानं विचारलंच, "कुठल्या वस्तीचं हाय?"

तुझ्या आधी दत्तू बोलला. "तहानंला वस्ती असती का रं? पी मुकाट." मग तुझ्याकडं वळून म्हणाला, "आन् तुमी काय लग्नातल्या पाहुण्यावानी उभं ऱ्हायलाव? वाढा की. हात भरून आल्यात आमचं."

तू पुढं झालास. वाकून एकेकाला पाणी दिलंस. कुणी पेल्यानं प्यालं, कुणी ओंजळीनं, दत्तूनं तर घागरच तोंडाला लावली. निम्मं पोटात, निम्मं छातीवरून खाली. त्यांच्या पायांखालची ती काळी माती चपाचपा पाणी प्यायला लागली. अख्ख्या जिल्ह्यात त्या घडीला ओली असलेली जमीन म्हणजे तेवढीच, एक घोंगडं अंथरावं एवढी.

शिट्टी झाली. बाजू बदलल्या. ज्या गोलपाशी ते पाणी प्याले, तो गोल तुझ्या वाट्याला आला.

पुढचं मी नरसाळ्यातून सांगितलंच नाही. नरसाळं बांधावरच पडून राहिलं. त्यांचा एक गोल झाला, दुसरा झाला. दोन-दोन. तू जीव तोडून खेळत होतास, माझ्याइतकं कुणी बघितलं नाही. एकदा तर तू हवेत आडवा झालास आणि खाली यायलाच विसरलास. मग शेवटी शेवटी दत्तूनं लाथ घातली. बॉल तुझ्या उजव्या खांबावर आपटला आणि दमलेल्या म्हातारीसारखा हळूहळू रेषेकडं गडगडत निघाला. हात लांब केला की येत होता. तू झेप घ्यायला पाय रोवलास, आणि नेमका त्या ओल्या घोंगड्यावर. वहिनींच्या पाण्यावर. सर्रकन आडवा. बॉल रेषेवर जाऊन चिखलात रुतला आणि तिथंच थांबला. निम्मा आत, निम्मा बाहेर. रेषा तर राखेची, ती पाण्यानं कधीच वाहून गेलेली.

साहेब पळत आले, वाकले, मान वाकडी करून बघितलं. शिट्टी मारली. गोल. तीन-दोन.

मी पंचाशी भांडलो, आभाळाशी भांडलो, दत्तूच्या मांडीशी भांडलो. तू उठलास, चिखल झटकलास आणि दत्तूचा हात हातात घेतलास. मागनं वहिनी आल्या, रिकाम्या घागरी उचलल्या. एकीला पोचा आला होता. म्हणाल्या, "घागरी माझ्या, पाणी माझं, आन् उपकार ह्यांचं." आणि ताड ताड निघून गेल्या.

त्यानंतरचा महिना मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो.

टँकर रोज आपल्या फाट्यावरून घाटाकडं जायचा. त्याच्या मागच्या तोटीतून थेंब थेंब गळायचं, आणि पोरं त्या थेंबांच्या मागं पळायची. ओट्यावर, कामावर, झिऱ्यावर एकच बोलणं. मुकादमानं शब्द काढला: फितूर. पाणी पाजलं त्यांना आणि गोल सोडला मुद्दाम. तुझ्या कानावर तो शब्द गेला तेव्हा तू पाटी भरत होतास. खाली ठेवलीस, परत उचललीस. बाकी काही नाही. पण रांगेतल्या लोकांनी तुझ्याकडं पाटी फेकायची सोडून दिली. खाली उतरून हातात आणून द्यायचे, नाहीतर पायापाशी ठेवायचे. जिल्ह्यात सगळ्यांत भारी झेलणारा माणूस, आणि त्याच्याकडं कुणी काही फेकत नव्हतं. तू हात अर्धे वर करायचास आणि परत खाली घ्यायचास. ते मला बघवेना. चौथ्या का पाचव्या दिवशी मी रांगेत घुसलो, वरून रिकामी पाटी घेतली आणि फेकली. माझा नेम तुला ठाऊक आहे. तुझ्या कपाळावर बसली.

भळाभळा रक्त. तू कपाळ दाबून खाली बसलास. मी पळत आलो तर तू हसत होतास, आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणालास, "येवढी उंच फेकायची असती व्हय रं, थापाड्या?" पहिल्यांदा तू मला थापाड्या म्हणालास ते त्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही फेकायला लागले. त्यांना वाटलं, गणपापेक्षा आपला नेम तरी बरा.

तू गेलास त्या दिवशी तुझं तोंड झाकायच्या आधी मी ती खूण बघितली. भुवईच्या वर, कोयरीएवढी. आपली दोस्ती तिथनं सुरू झाली. कागदावर सही करून द्यावी तशी ती खूण मी केली होती.

पुढं पाऊस झाला, तलाव भरला, ग्राउंड बुडालं. साहेबांची बदली झाली. पण मॅच संपली नाही. डेअरीच्या ओट्यावर सकाळी दुधाची रांग लागली की कुणीतरी काडी टाकायचं, आणि किटल्या हातात धरून लोक तासतास भांडायचे. मुकादमाचं एकच, "लढाईत दुश्मनाला पाणी देत न्हाईत." मी म्हणायचो, "द्यावं, पण खेळ झाल्यावर. आणि चिखलात रुतलेला बॉल धरत नाहीत, कायदाच आहे तसा." कुठला कायदा, हे कुणी विचारलं नाही. शेजारचे हॉटेलवाले उस्मानचाचा कपबशा विसळता विसळता म्हणायचे, "अरे मियां, प्यासे कू पानी दिये सो उस में हार-जीत कायकी? नै देते तो जीतते, मगर मूं कैसा दिखाते?" मुकादम म्हणायचा, "चाचा, मूं दाखवायला पाणी लागतं धुवायला. ते टँकरमधी गेलं." सगळी रांग हसायची. तू पण हसायचास. तुझ्याबद्दल चाललेल्या भांडणात तू पाहुणा असल्यासारखा बसायचास.

मी तुला किती वेळा विचारलं असंल, का दिलंस म्हणून. तू दर वेळी वेगळं उत्तर द्यायचास. एकदा म्हणालास, "गोलकीपरचं काम बॉल अडवायचं. पाणी अडवायचं न्हाय." एकदा मी चिडून विचारलं, टँकर महिनाभर त्यांना मिळाला, त्यांनी एक घागर तरी आणून दिली का? तर म्हणालास, "म्या काय उसनं दिलं हुतं?" मी गप्प बसायचो, म्हणजे माझ्या हिशेबानं गप्प. दहा मिनिटं फक्त बोलत राहायचो.

मग तू ह्याच तलावाचा चौकीदार झालास. खाकी शर्ट, पाणी सोडायच्या मोरीच्या चाकाची चावी, बांधावर पत्र्याची खोली. ज्याच्यावर मॅच हरलो त्या ग्राउंडवरचं पाणी राखायची नोकरी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आधी तुझा उजवा खांब दिसायचा, मग महिन्याभरानं डावा. दोन्ही दिसले की आपण दोघं गाळ तुडवत आत जायचो, घोट्याएवढ्या पाण्यात. दोरीचं एक टोक तू उजव्या खांबाला धरायचास, एक मी डाव्याला, ताणायची, आणि मग भांडायचं. बॉल कुठं थांबला. दोरीच्या आत का बाहेर. मी म्हणायचो बाहेर. तू म्हणायचास, "साहेबांनी शिट्टी मारली, संपलं."

"तुला काय दिसलं ते सांग."

"म्या चिखलात पडलो हुतो. मला आभाळ दिसलं."

एवढ्या वर्षांत तू सांगितलं नाहीस, केरबा. बॉल आत होता का बाहेर, हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो तू, कारण तुझं नाक बॉलपासून वीतभर अंतरावर होतं.

आता मागच्या उन्हाळ्याचं. आपण खोलीच्या सावलीत बसलो होतो. तुला धाप लागायला लागली होती, पण चाक फिरवायला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. मी सवयीनं विचारलं. उत्तर हवं होतं म्हणून नाही. तंबाखू मळताना काहीतरी बोलायचं म्हणून. का दिलंस?

तू पाण्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "गणपतराव."

दोघंच होतो आणि तू गणपतराव म्हणालास. मी तंबाखू मळायचा थांबलो.

"आमच्या वस्तीवर पाणी मागायला तवर कुणीच आलं न्हवतं. माझ्या बापानं मागितलं, आज्यानं मागितलं, हिरीवर हात पसरून हुबं ऱ्हायलं, वाढंल कवा कुणी म्हणून. जलमभर आमीच मागत आलो. त्या दिशी पैल्यांदाच कुणीतरी मागितलं. आन् माझ्याजवळ हुतं." मग म्हणालास, "कसं न्हाय म्हनू?"

मी इतक्या वर्षांत तुला कशाकशावर उत्तर दिलं नाही? ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसताना ऑफसाइडवर दिलं. त्या दिवशी मात्र मी माझा नेहमीचा उद्योग केला. म्हणालो, "ह्या तलावात एक मरळ मासा हाय. तुझ्या गोलमधी ऱ्हातोय. दुसरे मासे आत यायला लागले का डोकं मारून बाहेर काढतोय." तू हसलास. "किती मोठा?" मी हात पसरले. तू माझे दोन्ही हात धरून एकमेकांजवळ आणलेस, निम्म्यावर. आणि तसेच थोडा वेळ धरून ठेवलेस.

तुला द्यायचं उत्तर माझ्याकडं तसंच राहून गेलं.

परवा तुझ्या घरी जलदान झालं. अंगणात मांडव, पांढरे कपडे, तसबिरींपुढं मेणबत्त्या. भंतेजी पालीतनं म्हणत होते आणि घरचे सगळे मिळून एका तांब्याला हात लावून वाटीत पाणी ओतत होते. वाटी भरली, वरून सांडायला लागली, तरी ओतत होते. सांडायचंच असतं म्हणे ते. गेलेल्याच्या नावानं. मी बघत होतो, जमीन ओली होत होती, घोंगड्याएवढी.

मुकादम आला होता, काठी टेकत. सगळ्यांत मागं बसला. जाताना तुझ्या थोरल्याला म्हणाला, "तुझा बाप गोलकीपर चांगला हुता." मुकादमाच्या तोंडून हे म्हणजे ढालच समज. आणि येरमाळ्याच्या एसटीनं दत्तू आला. मांड्या गेल्या आता, काड्या राहिल्यात. मला म्हणाला, "आमच्या घाटात आजूनबी सांगत्यात, त्या तलाववाल्यांच्या हरलेल्या गोलकीपरचं. जितलो आमी, आन् गोष्ट त्याची." मी म्हणालो, "गोल नव्हता तो." दत्तू म्हणाला, "हां, ते बी सांगत्यात. बांधावर एक ठणाणा करणारा हुता म्हणून."

सगळे उठले तरी मी बसून राहिलो. तुझ्या घरी मला पाणी मागावं लागलं असं कधी झालं नाही. चप्पल काढेस्तोवर तांब्या पुढं यायचा. त्या दिवशी घर भानावर कुठं होतं? कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि मला वाटलं, बरंच झालं.

"वहिनी," मी म्हणालो. मला हळू बोलता येत नाही, नरसाळ्याची सवय. मांडवाबाहेरची माणसं वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. "वहिनी, तहान लागलीय. पाणी देता का?"

वहिनी दारात होत्या. डोळे सुजलेले. "मागायची पाळी आली व्हय, भावजी, तुमच्यावर?"

"पाळी न्हाय, वहिनी. मागायचंच हुतं."

मागण्याचं ते तू त्यांना कधी सांगितलं होतंस का नाही, मला ठाऊक नाही. त्या आत गेल्या. पोचा आलेली घागर कलती केल्याचा आवाज झाला. पेला घेऊन आल्या आणि मी सगळ्यांदेखत उभ्या उभ्या प्यालो, दत्तूसारखा, निम्मं पोटात, निम्मं छातीवर. परत पेला पुढं केला. त्यांनी परत भरला.

तर पाण्याचा वाद मी सोडला, केरबा. आता ओट्यावर कुणी काढला तर माझी बाजू ठरलेली आहे.

तिसऱ्या गोलचा सोडलेला नाही. काल दोरी घेऊन तलावात उतरलो. पाणी आणखी खाली गेलंय, ह्या वर्षाचं काही खरं दिसत नाही. तुझ्या जागी मीच उभा राहिलो आणि दोरीचं एक टोक उजव्या खांबाला बांधलं. डावा अजून पाण्यात आहे. दुसरं टोक मी पाण्यात त्या बाजूला फेकलंय. नेम माझा तुला ठाऊक आहे, पण तुझ्या हातचं काही सुटत नाही. झेल, आणि ताणून धर.

बॉल बाहेर होता.